डिपस्टिक
डिपस्टिक ही इंजिनातील वंगणतेलाची पातळी तपासण्याची धातूची पट्टी होय. तिचे टोक इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलात बुडालेले असून त्यावर किमान व कमाल पातळीच्या खुणा असतात. अनेक मोटारींत या दोन खुणांमधील फरक सुमारे १ लिटर तेलाचा असतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढून पुसतात. पुन्हा पूर्ण आत घालून काढल्यावर तेल खुणांच्या दरम्यान दिसावे लागते. तेल कमी असल्यास बेअरिंग झिजून इंजिन जाम होऊ शकते. जास्त असल्यास क्रँकशाफ्टच्या घुसळणीने त्यास फेस येतो. चालकासमोरील तेलाचा लाल दिवा सामान्यतः पातळी नव्हे, तर तेलाचा दाब घटल्याचे दर्शवतो. तो लागेपर्यंत इंजिनाची हानी झालेली असू शकते.