नगरचा किल्ला आणि दिल्लीवर डोळा

१६२७ साली, जहांगीर बादशहाच्या अखेरच्या दिवसांत, दख्खनचा मोगल सुभेदार खानजहान लोदी याने एक उघड व्यवहार केला. निजामशाहीचा हबशी वजीर हमीद खान याने त्याच्या पदरात तीन लाख होन टाकले आणि सुभेदाराने बालाघाटचा, म्हणजे घाटमाथ्यावरचा नगरपर्यंतचा मुलूख निजामशहाला देऊन टाकला. मोगलांनी तीस वर्षे माणसे आणि पैसा ओतून मिळवलेला हा प्रदेश. ठाणेदारांना हुकूम सुटले, ठाण्यामागून ठाणी रिकामी झाली. नगरच्या किल्ल्यात मात्र सिपहदार खान नावाचा किल्लेदार होता. मुलूख घ्यायचा तर घ्या, पण बादशहाच्या फर्मानाशिवाय किल्ला देणार नाही, असा जबाब त्याने पाठवला आणि दाणागोटा भरून तो आत बसून राहिला. बखरकारांपासून इंग्रज इतिहासकारांपर्यंत बहुतेकांनी या प्रकरणाची बोळवण लाचखोरी म्हणून केली आहे. लाच होती यात वाद नाही. पण राज्यातल्या अव्वल दर्जाच्या उमरावाला तीन लाख होनांची एवढी भूल पडावी, हे पटत नाही. बादशहा आजारी होता, वारसाचा प्रश्न दाराशी आला होता. अशा वेळी खानजहानला पाठीमागे शांत सरहद्द हवी होती आणि प्रसंग पडला तर आसरा देईल असा शेजारी हवा होता. माझे म्हणणे असे की दख्खनची सुभेदारी ही मोगलांच्या राज्यात तख्ताकडे जाणारी पायरी होती, आणि म्हणूनच नगरचा तंटा कायमचा मिटावा असे तिथे नेमलेल्या फारच थोड्या माणसांना मनापासून वाटत होते.

सुभेदाराने धन्याला डावलण्याची रीत या मातीत नवी नव्हती. नगर शहरच मुळी एका बंडखोर सुभेदाराने वसवले. पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातून बाटून मुसलमान झालेला मलिक हसन बहामनी दरबारात वर चढला, वजीर महमूद गावानच्या १४८१ मधल्या खुनाच्या कारस्थानात त्याचा हात होता, आणि पुढे बीदरमध्ये तोही मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद, निजामशाहीचा मूळ पुरुष, तेव्हा जुन्नरला सुभा सांभाळत होता. बापाचा शेवट पाहून त्याने बीदरचा नाद सोडला, १४९० मध्ये चालून आलेली बहामनी फौज भिंगारजवळ उधळली आणि चार वर्षांनी सीना नदीकाठी आपल्या नावाचे शहर उभारले. त्याला बीदरचे तख्त नको होते, जुन्नर-नगरचा मुलूख पुरेसा होता. मोगल सुभेदाराचे तसे नव्हते. त्याची जहागीर हिंदुस्थानात, बायकामुले आग्र्याला, सोयरीक दरबारात. त्याचा मान-अपमान सगळा उत्तरेत ठरायचा. नगर त्याला घर म्हणून नको होते. नगरच्या निमित्ताने मिळणारी फौज, खजिना आणि हुकमत मात्र हवी होती. लढाई संपली की फौज परत आणि सुभेदारही परत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

१५९५ च्या वेढ्यापासून हे दिसते. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम, दोह्यांमुळे आपल्याला माहीत असलेला तोच रहीम, हे दोघे नगरच्या तटाखाली एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. चांदबिबीने बुरूज पडल्यावर रात्रीत भिंत उभी केली ही गोष्ट नगरच्या पोरासोरांना ठाऊक असते. समोरच्या छावणीत जय कोणाच्या नावावर जमा व्हायचा यावरून किती रात्री गेल्या, ते सांगितले जात नाही. वऱ्हाड घेऊन १५९६ मध्ये तह झाला. मुराद १५९९ मध्ये दारूने गेला, त्याच्या जागी आलेल्या दानियालने १६०० मध्ये किल्ला घेतला, आणि १६०५ मध्ये तोही दारूनेच गेला. तेवढ्यात निजामशाहीचा हबशी सरदार मलिक अंबर याने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले आणि १६१० च्या सुमारास नगर परत घेतले. अपयशाचे खापर खानखानानवर फुटले. तो अंबरशी आतून मिळालेला आहे, असे बादशहाला लिहिणाऱ्यांत खानजहान लोदी पुढे होता. त्याने जहांगीरला शब्द दिला होता की मला तीस हजार स्वार द्या, दोन वर्षांत गेलेला मुलूख घेतो आणि वर विजापूरही घेतो, नाही जमले तर तोंड दाखवणार नाही. सतरा वर्षांनी बालाघाट विकणारा तो हाच. तेव्हा खानखानानवरचे आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केलेले होते आणि जसेच्या तसे खरे धरता येणार नाहीत, ही हरकत रास्त आहे. पण आरोप करणाऱ्यालाही तीच जागा हवी होती, आणि ती मिळाल्यावर त्याने तेच केले. दोष एका माणसात शोधून भागणार नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

जहांगीरचा मुलगा शहाजादा खुर्रम याने तर ही पायरी उघडपणे वापरली. १६१७ मध्ये मोठी लढाई न करता त्याने दख्खनच्या सुलतानांशी तडजोड केली. नगरचा किल्ला आणि बालाघाट मोगलांकडे आले. मांडूच्या दरबारात त्याला शाहजहान हा किताब, तीस हजारांची मनसब आणि तख्ताजवळ आसन मिळाले. अंबरची शक्ती जशीच्या तशी राहिली आणि १६२० मध्ये त्याने सगळे पुन्हा उलथून टाकले. दुसऱ्यांदा दख्खनला जायची वेळ आली तेव्हा खुर्रमने अट घातली की थोरला भाऊ खुस्रो माझ्या ताब्यात द्या. १६२१ मध्ये अंबरची राजधानी खडकी जाळून, तिन्ही सुलतानांकडून पन्नास लाखांची खंडणी ठरवून त्याने मोहीम आटोपली, आणि १६२२ च्या आरंभी खुस्रो बुऱ्हाणपुरात त्याच्या कैदेत मेला. त्याच वर्षी कंदाहारला जा असा हुकूम आला. दख्खनची फौज सोडून जायचे म्हणजे वारसा हातचा घालवायचा, हे त्याला कळत होते. त्याने बंड केले, आणि बंड फसत चालल्यावर आसरा घेतला तो मलिक अंबरचा. दोन वेळा ज्याला नमवल्याचा डंका पिटला, त्याच अंबरच्या साथीने त्याने बुऱ्हाणपूरला वेढा घातला. अंबर खरोखर संपला असता तर खुर्रमला जायला जागाच उरली नसती.

यावर मोठी हरकत अशी की हे सारे श्रेय सुभेदारांच्या लबाडीला देऊन आपण मलिक अंबरवर अन्याय करतो. गनिमी काव्याचे बर्गी स्वार, जमीन मोजून बसवलेला महसूल, डोंगरी किल्ले यांच्या बळावर त्याने मोगलांना झुंजवले, सुभेदार कितीही इमानी असता तरी तो सहज हरला नसता. नगरजवळच्या भातवडीची १६२४ मधली लढाई याचा उत्तम दाखला आहे. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा चालून आल्या असता अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग छापे घालून दोघांना झोडपले. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी पडला. निजामशाहीकडून शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. हे मी नाकारत नाही. पण ती फौज नगरच्या दाराशी कधी आली, तेही पाहावे: शाही सैन्याची मोठी ताकद तेव्हा शाहजहानच्या पाठलागात हिंदुस्थानभर फिरत होती. अंबरला स्वतःच्या स्वारांइतकाच मोगल सरदारांच्या आपसातल्या वैराचा अंदाज होता, आणि हेही सेनापतीचेच कसब आहे.

जहांगीर वारला तेव्हा शाहजहान जुन्नरला होता. तिथून तो गुजरातमार्गे आग्र्याला जाऊन बादशहा झाला. खानजहानने नव्या बादशहाच्या दूताला धड उत्तर दिले नाही आणि डाव फसल्यावर शरण आला. १६२९ मध्ये तो आग्र्याहून पळाला तो थेट निजामशहाच्या आश्रयाला. १६२७ चा सौदा कशासाठी होता याचा याहून चांगला पुरावा कोणता? शाहजहानने या वेळी काम निव्वळ सुभेदाराच्या भरवशावर सोडले नाही. चोराची पावले चोर जाणे. १६३० मध्ये तो स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला, १६३१ मध्ये पळता खानजहान बुंदेलखंडात मारला गेला, १६३३ मध्ये दौलताबाद पडले. शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर एका बालकाला निजामशहा म्हणून बसवून राज्य चालवून पाहिले, पण १६३६ मध्ये बादशहा पुन्हा जातीने आला आणि निजामशाही संपली. पस्तीस वर्षांत सुभेदारांकडून न झालेले काम सहा वर्षांत झाले. अंबर १६२६ मध्येच वारला होता आणि १६३० च्या दुष्काळाने दख्खन मोडून पडले होते, ही कारणे मोठी आहेतच. तरी बादशहा स्वतः मैदानात उतरल्याने किती फरक पडला, ते नजरेआड करता येत नाही.

औरंगजेबाचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या उलट जाते असे वाटेल. दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत त्याला गोवळकोंडा आणि विजापूर पुरते गिळायचे होते, आणि हात आवरायला लावले ते दिल्लीने. पण दिल्लीत दारा शुकोह होता. दोन श्रीमंत राज्ये धाकट्या भावाच्या पदरात पडली तर तख्ताचा निकाल तिथेच लागेल, हे दारा जाणून होता. म्हणजे सुभेदाराने मोहीम अर्धवट ठेवली नाही, दरबाराने ठेवायला लावली, कारण तेच. १६५७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले, मराठ्यांचे स्वार चामारगोंद्याच्या, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याच्या मुलखात धावले आणि नगरच्या पेठेपर्यंत पोचले. किल्लेदार मुल्तफत खानाने बाहेर पडून पेठ वाचवली. औरंगजेबाची त्या वेळची पत्रे संतापाने भरलेली आहेत. पण सप्टेंबरात शाहजहान आजारी पडल्याची बातमी आली, विजापूरशी घाईने तह झाला आणि १६५८ च्या आरंभी तो तोफखान्यासह उत्तरेकडे निघाला. बंगालातून शुजा आणि गुजरातेतून मुरादबक्ष हे भाऊही उठले होतेच, त्यामुळे बंडाची खोड एकट्या दख्खनची नव्हती. मात्र १६२७ आणि १६५८, दोन्ही वेळा तख्तावर बसला तो दख्खनहून निघालेला शहाजादा.

बादशहा झाल्यावर औरंगजेबाने या जागेवर कोणावरच विश्वास टाकला नाही. शहाजादा मुअज्जम सुभेदार असताना मराठ्यांशी सलगी करतो असा संशय, मोगल सरदार दिलेरखानाशी त्याचे हाडवैर, आणि पुढे गोवळकोंड्याशी संधान बांधल्यावरून वर्षानुवर्षांची कैद. १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांकडे आला, तेव्हा म्हातारा स्वतःच दख्खनला उतरला आणि परत गेला नाही. १७०७ मध्ये भिंगारजवळच्या छावणीत तो वारला, तेव्हा शहाजादा आजम जवळपासच होता. त्याने नगरलाच स्वतःला बादशहा जाहीर केले आणि बापाची फौज घेऊन उत्तर गाठली. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला तो मारला गेला, आणि या खेपेस काबूलकडून आलेला मुअज्जम जिंकला. बारा वर्षांनी तर शहाजादा असण्याचीही गरज उरली नाही. १७१९ च्या फेब्रुवारीत दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली बाळाजी विश्वनाथाची मराठी फौज सोबतीला घेऊन दिल्लीत शिरला, बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. आपली पुस्तके याला मराठ्यांचे दिल्लीतले पहिले पाऊल म्हणतात. ते पाऊल पडले खरे, पण दख्खनच्या सुभेदाराला आपला बादशहा बदलायचा होता म्हणून.