सहाचा पाढा का चुकतो?

२१ ऑक्टोबर २०१९. आमच्या कोरेगाव तालुक्यात त्या दिवशी मतदान केंद्रावर दोन यंत्रं होती. एक विधानसभेचं आणि दुसरं सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. रांगेत माझ्या पुढं गावातले एक अण्णा होते, सत्तरी ओलांडलेले. बाहेर आल्यावर सहज विचारलं, "काय अण्णा, दोन्हीकडं एकच दाबलं का?" अण्णा म्हणाले, "एकच दाबायचं असतं तर दोन यंत्रं कशाला ठिवली असती? शोभंला व्हय?"

तेव्हा हसून सोडून दिलं. निकाल लागला तेव्हा कळलं, अण्णा एकटे नव्हते.

मे महिन्यात राष्ट्रवादीच्या तिकिटावर खासदार झालेले उदयनराजे भोसले राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. त्याच दिवशी त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहा विधानसभांचा निकाल बघा. वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादी, कराड दक्षिण काँग्रेस, सातारा भाजप, कोरेगाव आणि पाटण शिवसेना. म्हणजे तीन आघाडीकडं, तीन युतीकडं.

हे आठवायचं कारण म्हणजे २०२४ नंतर रोज ऐकू येणारी वाक्यं. "लोकं सहा महिन्यांत फिरली", "लोकांना काही कळत नाही", "लोकं विकली गेली". जो हरतो तो हे म्हणतो, आणि जिंकणारे पक्ष बदलले की वाक्यंही तोंडं बदलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. महाराष्ट्राचा मतदार दिल्ली, मुंबई आणि गाव यांचे हिशोब वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो. हे त्याचं आजचं नाही, निदान चाळीस वर्षांचं आहे. आणि ही सवय त्याला शिकवली कुणी, तर पक्षांनीच.

आधी एक सोपं गणित. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि विधानसभेच्या २८८. एका खासदारामागं बरोबर सहा आमदार. लोकांनी दोन्हीकडं एकाच पद्धतीनं मत दिलं, तर लोकसभेच्या आकड्याला सहानं गुणलं की विधानसभेचा आकडा साधारण जवळपास यायला पाहिजे. आता हा सहाचा पाढा लावून बघू.

डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट. काँग्रेसला महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा. सहानं गुणलं तर २५८. मार्च १९८५ मध्ये विधानसभेला प्रत्यक्षात मिळाल्या १६१. अडीच महिन्यांच्या आत जवळजवळ शंभराचा फरक.

२०१९. भाजप-शिवसेना युतीला लोकसभेत ४१. सहानं गुणलं तर २४६. पाच महिन्यांनी मिळाल्या १०५ आणि ५६, म्हणजे १६१. गंमत बघा, आकडा पुन्हा तोच.

२०२४. महाविकास आघाडीला लोकसभेत ३०. पाढ्यानं १८० यायला हव्या होत्या, आल्या ४६. महायुतीला लोकसभेत १७ म्हणजे पाढ्यानं १०२, आणि मिळाल्या तब्बल २३०.

पाढा कधीच जुळत नाही असंही नाही. २००९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीला लोकसभेत २५ होत्या, पाढ्यानं १५०, आणि विधानसभेत मिळाल्या १४४. म्हणजे लोकं मुद्दाम उलटं मत देतात असं नाही. प्रश्न वेगळा वाटला की उत्तर वेगळं देतात.

आता मागं जाऊ. १९५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा एकत्रच व्हायच्या. पहिली फारकत केली इंदिरा गांधींनी. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी मुदतीच्या वर्षभर आधी लोकसभा विसर्जित केली. मार्च १९७१ ला लोकसभेचं मतदान झालं आणि राज्याचं मार्च १९७२ ला. तिथून दिल्लीची निवडणूक दिल्लीच्या प्रश्नावर होऊ लागली.

पण त्याच्याही आधी खालच्या बाजूला एक गोष्ट घडली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर जिल्हा परिषदेचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या उभ्या राहिल्या. त्याच काळात साखर कारखाने, सोसायट्या, जिल्हा बँका, दूध संघ. काँग्रेस तेव्हा इतकी मोठी होती की खरी कुस्ती पक्षाच्या आतच व्हायची. कारखान्याला दोन पॅनेल उभी राहायची आणि दोन्हीकडं काँग्रेसवालेच. सोसायटीत एका गटाचे, कारखान्यात दुसऱ्या गटाचे आणि लोकसभेला सगळे मिळून बैलजोडीचे, पुढं गाय-वासराचे. आपल्या आजोबांच्या पिढीनं मतदान असं शिकलं. वर चिन्ह बघायचं, खाली माणूस बघायचा.

ग्रामपंचायतीत तर आजही पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, छत्री, शिट्टी, नारळ असली चिन्हं आणि वॉर्डातला माणूस. भावकी कुठली, नळाला पाणी कुणी आणलं, मयतीला कोण येतो, दाखल्यासाठी तालुक्याला कोण बरोबर येतो, हे बघून मत पडतं. म्हणून तर ग्रामपंचायतींचा निकाल लागला की प्रत्येक पक्ष आपले सरपंच इतके म्हणून आकडा देतो, आणि सगळ्यांचे आकडे मिळवले तर ग्रामपंचायतींपेक्षा सरपंच जास्त भरतात.

शहरात हे नसतं असं म्हणणाऱ्यांनी १९८४-८५ ची मुंबई आठवावी. डिसेंबर १९८४ मध्ये मुंबईच्या सहा लोकसभा जागांपैकी पाच काँग्रेसला, एक गिरणी कामगारांचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना. मार्च १९८५ च्या विधानसभेत शिवसेनेचा एकच माणूस निवडून आला, माझगावचे छगन भुजबळ. शिवसेना संपली असंच चित्र होतं. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच महापालिकेची निवडणूक झाली. शिवसेनेनं ७४ जागा जिंकून महापालिका ताब्यात घेतली, भुजबळ महापौर झाले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे, हा मुद्दा तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या विधानामुळं पेटला होता. तीच शहरं, तीच माणसं, काही महिन्यांत तीन निवडणुका. दिल्लीसाठी राजीव गांधी, पालिकेसाठी बाळासाहेब.

शेजारच्या कर्नाटकात तेव्हाच याहून मोठा धक्का बसला होता. लोकसभेत जनता पक्षाला २८ पैकी फक्त ४ जागा मिळाल्या म्हणून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि नव्यानं कौल मागितला. मार्च १९८५ मध्ये त्याच मतदारांनी जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागा देऊन हेगडेंना पुन्हा खुर्चीत बसवलं. दिल्लीला तुम्ही नको, बंगळुरूला तुम्हीच हवे, इतका साफ निरोप.

इथं कुणी म्हणेल, या सगळ्या निवडणुकांत दोन-पाच महिन्यांचं अंतर होतं. वातावरण बदलतं, पैसा फिरतो, योजना येतात. २०२४ मध्ये लोकसभेला कांदा, सोयाबीन आणि संविधानाचा मुद्दा होता, विधानसभेच्या आधी लाडकी बहीण आली. बरोबर आहे, त्याचा परिणाम होतोच. म्हणून एकाच दिवशीच्या मतदानाची उदाहरणं महत्त्वाची.

सप्टेंबर १९९९. महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. केंद्रात वाजपेयी, नुकतंच झालेलं कारगिल. राज्यात युतीचा साडेचार वर्षांचा कारभार. लोकसभेत शिवसेनेला १५ आणि भाजपला १३, मिळून २८. पाढ्यानं १६८ व्हायला हव्या होत्या. विधानसभेत मिळाल्या ६९ आणि ५६, म्हणजे १२५. काँग्रेस आणि राष्ट्रवादी तेव्हा वेगवेगळे लढले म्हणून हे झालं, असं म्हणायचीही सोय नाही, कारण ते दोन्ही मतपत्रिकांवर वेगळेच होते. युतीची मतं लोकसभेला सुमारे ३८ टक्के आणि विधानसभेला सुमारे ३२. एकाच रांगेत उभं राहून, दोन मिनिटांच्या आत, शंभरातल्या सहा जणांनी वाजपेयींना हो म्हटलं आणि मंत्रालयातल्या युतीला नाही. ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

आणि दुसरं उदाहरण अगदी ताजं. २० नोव्हेंबर २०२४, नांदेड. विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक. सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या. लोकसभा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. त्यांचे वडील वसंतराव चव्हाण एप्रिल-जूनच्या निवडणुकीत निवडून आले होते आणि ऑगस्टमध्ये गेले. तेव्हा कुणी लाट म्हणो, कुणी योजना म्हणो, त्याच दिवशी त्याच केंद्रावर हजारो माणसांनी एका यंत्रावर एक बटण दाबलं आणि शेजारच्या यंत्रावर दुसरं. "लोकं विकली गेली" म्हणणाऱ्यांनी सांगावं, नेमकं कुठल्या यंत्रापुढं विकली गेली?

बारामतीचंही तेच. लोकसभेला सुप्रिया सुळेंना बारामती विधानसभा क्षेत्रातूनही आघाडी होती. सहा महिन्यांनी त्याच क्षेत्रानं अजित पवारांना लाखाच्या मतानं निवडून दिलं. बाहेरच्यांना कोडं वाटलं, बारामतीकरांना नाही.

मग पक्षांनी काय शिकवलं? काँग्रेस आणि राष्ट्रवादी पंधरा वर्षं मुंबईत एकत्र सरकार चालवत होते आणि जिल्हा परिषदेत एकमेकांच्या उरावर बसत होते. २०१७ मध्ये शिवसेना आणि भाजप एकाच मंत्रिमंडळात असताना मुंबई महापालिकेला समोरासमोर लढले, ८४ आणि ८२. याला नाव दिलं "मैत्रीपूर्ण लढत". थेट नगराध्यक्षाची पद्धत २०१६ ला आणली, २०२० ला काढली, २०२२ ला पुन्हा आणली, ज्या सरकारला जशी सोयीची तशी. म्हणजे पक्षांनी प्रत्येक पातळीवर वेगळं वागायचं, तो डावपेच. मतदारानं वेगळं वागलं की तो अडाणी?

आता हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो.

एक म्हणजे एकत्र निवडणुकांचं विधेयक. डिसेंबर २०२४ मध्ये ते लोकसभेत मांडलं गेलं. आयडीएफसी इन्स्टिट्यूटच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की दोन्ही निवडणुका एकत्र असल्या तर मतदार दोन्हीकडं एकाच पक्षाला मत देण्याची शक्यता ७७ टक्के असते. म्हणजे १९९९ आणि नांदेड दाखवतात की माणूस वेगळा विचार करू शकतो, पण एकत्र घेतल्यावर ते सोपं राहत नाही. प्रचाराचा आवाज एकच होतो, मोठ्या नेत्याचा. त्यात आमच्या गावच्या रस्त्याचं नाव कोण घेणार? खर्च वाचेल, आचारसंहिता कमी लागेल, हे फायदे खरे आहेत. पण बदल्यात काय जाईल तेही मोजायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक बसला. राज्यातल्या कितीतरी महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांची तीच गत झाली. गटारासाठी नगरसेवक नाही, शाळेच्या पत्र्यासाठी जिल्हा परिषद सदस्य नाही. आमच्याकडं लोकं पाण्याच्या टाकीचं रडगाणं घेऊन आमदाराच्या दारात जायची आणि आमदार म्हणायचा, हे माझ्याकडं नाही. तिसरी वही अशी वर्षानुवर्षं कुलुपात राहिली आणि आपण कुणी फार आरडाओरडा केला नाही. तो राग मग कुठं निघाला असेल? सोसायटीचा राग आमदारावर आणि आमदाराचा खासदारावर. हिशोब एकमेकांत मिसळले की कुणालाच नीट जाब विचारता येत नाही.

आमचे अण्णा मागच्या वर्षी गेले. त्यांनी त्या दिवशी कुठल्या यंत्रावर काय दाबलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पण तुमच्या घरात १९८५ किंवा १९९९ ला मतदान केलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा. वर कुणाला आणि खाली कुणाला, हे नाही. दोन्हीकडं वेगळं का दिलं, एवढंच विचारा. बघा काय सांगतात.