ऑइल कधी बदलायचं, हे गाडीला कसं कळू लागलं?

गळीत हंगाम सुरू झाला की ढोकी, रांजणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांच्या आरपीएमच्या काट्याजवळ एक बारकी खिडकी असते आणि तिच्यात तासांचे आकडे सरकत असतात. ऑइल बदलायची मुदत याच तासांत असते, बऱ्याच ट्रॅक्टरांना 250 तास. पण जुन्या पद्धतीच्या मीटरमधले हे तास घड्याळाचे नसतात.

हा मीटर इंजिनावरून आलेल्या केबलवर चालतो. म्हणजे मोजतो तो इंजिनाचे फेरे आणि दाखवतो तास. समजा, तो मिनिटाला 1500 फेऱ्यांवर बेतलेला आहे. नांगरटीत इंजिन 1500 वर चाललं तर मीटरचा तास आणि घड्याळाचा तास सारखाच. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत तेच इंजिन 750 वर चालू ठेवलं, तर तासाभरात मीटर अर्धाच तास पुढे जातो. नव्या डिजिटल मीटरांपैकी काही मात्र सरळ घड्याळाचे तास मोजतात.

फेऱ्यांचा हा हिशेब यायच्या आधी अंतरावरच भागायचं. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या पुस्तिकेत पहिल्या 400 मैलांनंतर आणि पुढे दर 750 मैलांना, म्हणजे सुमारे 1200 किलोमीटरला, ऑइल काढून टाकायला सांगितलं होतं. त्या गाडीला ऑइल मोजायची पट्टीसुद्धा नव्हती. इंजिनाच्या तळाशी एकाखाली एक अशा दोन तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली वाकून तोटी उघडायची आणि कितीपर्यंत ऑइल आहे ते पाहायचं. ऑइल कमी झालंय एवढं तोटी सांगे, खराब झालंय की नाही ते नाही.

खराब ऑइल ओळखायची पुढची खूण रंगाची. पण 1930च्या दशकात डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टनरिंगा काजळीने चिकटून बसू लागल्या आणि त्यावर उपाय म्हणून ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी रसायनं घालायला सुरुवात झाली. तेव्हापासून डिझेल इंजिनात काळं ऑइल म्हणजे संपलेलं ऑइल, हा ठोकताळा राहिला नाही. ऑइल काळं होतं, कारण काजळी रिंगांवर न बसता त्याच्यात तरंगत असते. तरीही गॅरेजमध्ये पट्टी पुसून, थेंब बोटांत चोळून ‘काळं पडलंय’ असा निकाल आजही दिला जातो.

खरी झेप अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत झाली. शर्ली श्वार्ट्झ या रसायनतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1988 मध्ये ऑइल बदलायची वेळ ओळखण्याच्या रीतीचं पेटंट मिळालं. त्यांची रीत अशी : नव्या ऑइलच्या खात्यावर फेऱ्यांचा एक साठा मांडायचा आणि इंजिन फिरेल तसा तो कमी करत जायचा. मात्र प्रत्येक फेरा सारखा धरायचा नाही. ऑइल फार तापलेलं असेल तर ते लवकर खराब होतं. गार असेल तर त्यात पाणी आणि इंधन साचतं. दोन्ही वेळी एक फेरा अनेक फेऱ्यांइतका मोजायचा. मध्यम तापमानावर लांबचा सरळ प्रवास झाला, तरच साठा पूर्ण पुरतो. ट्रॅक्टरचा तासमीटर फेरे मोजत होताच. या नव्या रीतीत त्याला तापमानाची जोड मिळाली. आज कित्येक मोटारींत ‘ऑइल लाइफ’चे टक्के दिसतात, ते बहुधा अशाच हिशेबातून आलेले असतात.

एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 नियम आल्यावर डिझेल मोटारींत हा हिशेब आणखी अवघड झाला. धुराड्यातल्या काजळी अडवणाऱ्या जाळीतली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. म्हणून गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या पट्टीवर ऑइलची पातळी कधी कधी चढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून समाधान मानू नका. ते पातळ झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र या हिशेबात येत नाही. फेरे आणि तापमान मोजणारं यंत्र प्रत्यक्ष ऑइल पाहत नाही. भूम-परंड्याच्या माळावर फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणी करताना किती धूळ एअर क्लीनरमधून आत गेली, हे त्याला कळायला मार्ग नाही. धुळीतले वाळूचे कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोहोचतात आणि धातू घासतात. धुळीच्या कामात मुदत कमी धरा, असं पुस्तिकांमध्येच लिहिलेलं असतं. ते पान आपल्याकडे क्वचित उघडलं जातं, आणि इंजिनकाम निघालं की दोष ऑइलच्या डब्याला दिला जातो.

तेव्हा 250 हा आकडा शेवटची मर्यादा समजा. मळणीत रोज एअर क्लीनर बघा, रांगेत इंजिन बंद ठेवा आणि सकाळी चावी फिरवण्याआधी पट्टी काढून बघा.