पायाच्या दगडाचे दान

देवालयाच्या कळसासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात; पायात गाडल्या जाणाऱ्या दगडासाठी मागावयास गेले, की दाते विचारात पडतात. विद्येच्या क्षेत्रातही हेच घडते. १९३९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात फ्लोरी व चेन यांनी पेनिसिलिनचे संशोधन हाती घेतले, तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाकडून प्रारंभी मिळाले अवघे २५ पौंड. पुढे अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने पाच वर्षे दरसाल ५,००० डॉलर देऊ केले. निर्णायक प्रयोग त्यानंतरचा. २५ मे १९४० रोजी जंतू टोचलेल्या आठ उंदरांपैकी औषध दिलेले चार वाचले, उरलेले चार मेले. आम्हां वकिलांना आधी पुरावा लागतो. परंतु दात्यांनीही तोच हट्ट धरिला असता, तर पुरावा निर्माणच कसा झाला असता?