डिझेल इंजिनाला वायूची जोड

लांबच्या चढावर भरगच्च माल ओढीत जाणारी जुनी डिझेल मालमोटार ज्याने पाहिली असेल त्याला तिच्या धुराड्यातून निघणारा काळा लोट काय असतो ते निराळे सांगावयास नको. तो लोट म्हणजे अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी. मालकाने विकत घेतलेले इंधन त्याच्या डोळ्यांदेखत आकाशात जात असते. मौजेची गोष्ट अशी की, त्याच क्षणी त्याच नळकांड्यात पुष्कळशी हवा वापराविना पडून असते. तेलाचा फवारा अगदी शेवटच्या घटकेला आत शिरतो, हवेच्या प्रत्येक कणापर्यंत पोचण्यास त्याला अवधी मिळत नाही. म्हणून एका कोपऱ्यात काजळी धरते आणि दुसऱ्या कोपऱ्यातील हवा रिकामी बाहेर पडते. ही रिकामी हवा कामाला लावावी, तीत आधीच एखादा जळणारा वायू मिसळून ठेवावा, म्हणजे फवाऱ्याची ज्वाला त्यालाही पेटवील, ही कल्पना कोणाही विचारी कारागिराला सुचण्यासारखी आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या मोटारींना प्रोपेन वायूची जोड देण्याचे जे वेड पसरले त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. ज्यांनी ती जोड दिली त्यांतील पुष्कळांना आपण काही नवे करीत आहो असे वाटले. वस्तुतः ही युक्ती डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे, आणि तिची मर्यादाही पहिल्याच कागदावर लिहून ठेवलेली आहे.

तो कागद खुद्द रुडॉल्फ डिझेल याचा. १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकला. कृत्रिम बर्फाची यंत्रे करणारे लिंडे ते हेच. शिक्षण संपल्यावर डिझेलने काही वर्षे त्यांच्याच कारखान्यासाठी काम केले. म्हणजे वायू दाबणे, थंड करणे, द्रवरूप करणे या विद्येत त्याची उमेदवारी झाली होती. हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते की इंधन पेटविण्यास ठिणगीची गरजच उरत नाही, या तत्त्वावर त्याने १८९२ मध्ये पेटंट मागितले. आउग्सबर्ग येथील कारखान्यात चार-पाच वर्षे अपयशाशी झुंज दिल्यावर १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी त्याच्या यंत्राची कसून परीक्षा घेतली आणि इंधनातील उष्णतेपैकी शेकडा सव्वीसहून अधिक भाग कामात उतरतो असा निर्वाळा दिला. त्या काळच्या कोणत्याही वाफेच्या यंत्राला तो पल्ला गाठता आला नव्हता.

एवढ्यावर तो थांबला नाही. पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, त्याने अमेरिकेत आणखी एक अर्ज केला आणि १९०१ च्या एप्रिलमध्ये त्यावर पेटंट मिळाले. त्यातील योजना अशी: हवेबरोबर एक सहजासहजी न पेटणारे इंधन, उदाहरणार्थ वायू, नळकांड्यात घ्यावयाचे, ते मिश्रण दाबावयाचे, परंतु वायू आपोआप पेटेल इतके मात्र दाबावयाचे नाही, आणि मग लवकर पेटणाऱ्या दुसऱ्या इंधनाचा लहानसा फवारा सोडून सगळ्यालाच आग द्यावयाची. आजच्या भाषेत द्वि-इंधन इंजिन म्हणतात ते हेच. या योजनेतले ‘आपोआप पेटेल इतके मात्र नाही’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

प्रोपेनचा जन्म मात्र निराळ्या घरी झाला. १९१० साली पिट्सबर्ग येथे अमेरिकेच्या खाण-खात्यातील रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग याच्याकडे एक विलक्षण तक्रार आली. एका फोर्ड मोटारीच्या मालकाचे म्हणणे असे की, आपण पेट्रोल भरून घेतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे उडून जाते. स्नेलिंगने त्या उडणाऱ्या भागाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात प्रोपेन, ब्युटेन आदी वायू सापडले. थोड्याशा दाबाखाली हे वायू पाण्यासारखे पातळ होतात आणि टाकीत राहतात. झडप उघडली की पुन्हा वायू होऊन बाहेर येतात. प्रोपेन शून्याखाली बेचाळीस अंशांवर उकळतो, म्हणून हिमवर्षावाच्या दिवसांतही त्याची टाकी कामास येते. १९१३ मध्ये स्नेलिंगला त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस रुडॉल्फ डिझेल इंग्लंडकडे जाणाऱ्या आगबोटीवरून रात्री नाहीसा झाला; त्याच्या मृत्यूचे कोडे अद्याप सुटलेले नाही.

वायू आणि डिझेल यांचे लग्न लावण्याचा पुढचा मोठा प्रयत्न जमिनीवर नव्हे, आकाशात झाला. इंग्रजांचे आर-१०१ हे हवाई जहाज हिंदुस्थानच्या वारीसाठी बांधले होते. त्याचा मुक्काम कराची, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातलेच बंदर. उष्ण हवेत पेट्रोल धोक्याचे म्हणून त्यावर डिझेल इंजिने बसविली होती. अशा जहाजाची अडचण मोठी चमत्कारिक असते. जसजसे तेल जळते तसतसे ते हलके होते आणि वर वर जाऊ पाहते. ते खाली राखावे तर पिशव्यांतला हायड्रोजन फुकट हवेत सोडावा लागतो. तो सोडण्याऐवजी इंजिनातच का जाळू नये, या विचाराने फार्नबरो येथील शासकीय संस्थेत प्रयोग झाले. १९३० साली त्यांचा अहवालही तयार झाला. पण त्याच वर्षी ५ ऑक्टोबरच्या पहाटे आर-१०१ फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाले, चौपन्नांपैकी अठ्ठेचाळीस माणसे प्राणास मुकली, आणि हवाई जहाजांबरोबर हा विषयही इंग्लंडात मागे पडला. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास काही अभ्यास चालू राहिला इतकेच.

जमिनीवर या युक्तीला खरा आश्रय दिला तो टंचाईने. महायुद्धाच्या काळात आपल्याकडेही पेट्रोल मिळेना, तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या वायूवर चालविल्या गेल्या. ती इंजिने ठिणगीची होती, म्हणून काम सोपे होते. डिझेल मालमोटारीला ठिणगी नसते आणि भट्टीचा वायू नुसत्या दाबाने भरवशाने पेटत नाही. म्हणून जर्मनीत अशा मोटारींना थोडे तेल फवारून वायू पेटविण्याची सोय करावी लागली. म्हणजे डिझेलचे जुने पेटंटच गरजेने पुन्हा बाहेर काढले गेले. इंग्लंडात ॲश्टन-अंडर-लाइन येथील एका कारखान्याने १९३९ च्या सुमारास द्वि-इंधन इंजिने बाजारात आणली. युद्धानंतर तेलाच्या खाणी, सांडपाण्याचे कारखाने, वीजघरे अशा ठिकाणी, जेथे नैसर्गिक वायू किंवा मैल्यापासून निघणारा वायू आयता मिळतो तेथे, या इंजिनांनी चांगले बस्तान बसविले. पुढे एकविसाव्या शतकात द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या मोठ्या जहाजांनीही हीच वाट धरली.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. मोठ्या यंत्रांनी नैसर्गिक वायू पत्करला, मग मालमोटारवाल्यांनी प्रोपेनच का धरला? उत्तर रसायनशास्त्रात नाही, अमेरिकन शेतकऱ्याच्या अंगणात आहे. तेथील खेड्यांत घर उबदार ठेवण्यासाठी आणि धान्य वाळविण्यासाठी प्रोपेनची मोठी टाकी दाराशीच उभी असते. १९४१ पासून प्रोपेनसारख्या वायूवर चालणारे ट्रॅक्टर तेथे कारखान्यातूनच तयार होऊन येऊ लागले होते. १९५० नंतर शिकागो शहराच्या शेकडो बसगाड्याही प्रोपेनवर धावल्या. ही सारी ठिणगीची इंजिने. तथापि त्यांच्यामुळे टाक्या, झडपा, नळ्या आणि त्या बसविणारे हात गावोगाव तयार झाले. १९७३ च्या तेलसंकटाने डिझेलचे मोल कळले. १९८९ साली डॉज कंपनीने आपल्या लहान मालमोटारीत ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन बसविले. (याच कमिन्सने पुण्यात किर्लोस्करांशी १९६२ मध्ये भागीदारी केली होती, म्हणून हे नाव मराठी घरांत परके नाही.) हे इंजिन दणकट, साधे, विजेच्या नियंत्रणाविना चालणारे. त्याच्या हवेच्या नळीत प्रोपेनची एक बारीक नळी सोडणे हे काम सुटीच्या दोन दिवसांचे होते. इंग्रजीत या पद्धतीला ‘धुरी देणे’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि तो समर्पक आहे.

धुरी दिल्यावर होते काय? हवेत थोडा प्रोपेन मिसळला की फवाऱ्याची ज्वाला त्याला पेटविते, निरुपयोगी पडलेली हवा कामास येते, धूर कमी दिसतो आणि चढावर मोटार हलकी चालते. चालकाचा पाय आपोआप सैल होतो, तेल कमी लागते. येथेच एक भ्रम जन्माला आला. ‘प्रोपेनमुळे डिझेल अधिक चांगले जळते, म्हणून हे बळ फुकटचे आहे’ असे विकणारे सांगत आणि घेणारे मानीत. जळण्यात थोडीफार सुधारणा होते हे खोटे नव्हे. परंतु वाढलेले बळ बहुतांशी प्रोपेनच्या स्वतःच्या उष्णतेचे असते. लिटरभर द्रव प्रोपेनमध्ये लिटरभर डिझेलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणजे दोन लिटर डिझेल वाचले असे ज्याला वाटते त्याने तीन लिटर प्रोपेन जाळलेला असतो. प्रोपेन स्वस्त असेल तर हिशेब जुळतो, महाग असेल तर मोडतो. शिवाय मोटार हलक्या भाराने चालत असता मिश्रण इतके विरळ असते की ज्वाला त्यात फार दूर पसरत नाही. प्रोपेनचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. काळा धूर दिसेनासा झाला म्हणजे सगळे इंधन जळले, असे मानणे ही डोळ्यांनी केलेली फसवणूक होय.

भार वाढला की संकट उलट बाजूने येते. डिझेलने पेटंटात लिहिलेली अट अशी की, वायू स्वतःहून पेटता कामा नये. नैसर्गिक वायूतील मिथेन या बाबतीत फार सोशिक. आपोआप पेटण्याला विरोध करण्याची शक्ती मोजण्याचे एक माप अभियंते वापरतात. त्यात शुद्ध मिथेनला १०० धरतात, तर प्रोपेनला अवघे ३४ च्या आसपास गुण मिळतात. जुन्या डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरापट दाबली जाते आणि तिचे तापमान प्रोपेन पेटण्याच्या अंशांपलीकडे सहज जाते. तरी तो लगेच पेटत नाही, कारण मिश्रण विरळ असते आणि वेळ अत्यल्प. पण टर्बोचार्जर जोरात फिरत आहे, दिवस उन्हाचा आहे, मागे माल आहे आणि चालकाने वायू जरा सढळ सोडला आहे, अशा वेळी तो थोडासा अवधीही पुरतो. सगळे मिश्रण एकाच क्षणी भडकते, इंजिन हातोड्याचे ठोके द्यावे तसे वाजू लागते. डिझेल इंजिन मुळातच खडखडणारे. त्यात हा नवा आवाज कित्येकांना ओळखू येत नाही. ओळखू येतो तेव्हा दट्ट्याचा माथा वितळून त्याला भोक पडलेले असते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात गाझी करीम यांनी अनेक दशके या इंजिनांचा अभ्यास केला. हलक्या भाराला वायू वाया जाणे आणि जड भाराला ठोके देणे, हीच दोन टोके त्या विषयात पुनःपुन्हा समोर येतात.

याहून भयंकर गोष्ट निराळीच आहे. पेट्रोल इंजिनाला हवा अडविणारी झडप असते. जुन्या डिझेलला ती नसते. त्याचा वेग तेल कमीजास्त करूनच आवरतात. हवेतूनच इंधन येऊ लागले तर तेल बंद करूनही ते थांबत नाही. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ज्वालाग्राही वाफांचा ढग पसरला. जवळ एक डिझेल मोटार चालू ठेवून उभी केलेली होती. तिने त्या वाफा श्वासाबरोबर ओढल्या आणि तिचे इंजिन आपोआप भरधाव सुटले. चौकशीनंतर ढगाला आग बहुधा तिच्यामुळेच लागली असे ठरले. त्या स्फोटात पंधरा माणसे मेली. तेथे कोणी प्रोपेनची जोड दिलेली नव्हती. अपघाताने नेमका तोच प्रयोग घडला. म्हणून प्रोपेनच्या नळीवर, इंजिन बंद पडताच वायू तोडणारी विजेची झडप असणे ही चैन नव्हे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर तो वर निघून जात नाही, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहतो.

आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस हा याच कुळातला, ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण. तो मोटारीत वापरण्यावर २००० सालच्या सुमारास कायद्याने नियम घातले. घरगुती टाकी मोटारीला जोडणे हा गुन्हाच आहे.

अलीकडच्या संचांत निकासाचे तापमान आणि टर्बोचा दाब मोजून वायू आपोआप कमी करणारी विजेची साधने आली. जुन्या मालमोटारीला असे डोळे नसतात. म्हणून अनुभवी कारागीर प्रोपेनची नळी जोडण्याआधी निकासनळीत उष्णतामापक बसवितो आणि त्याचा काटा चालकाच्या नजरेसमोर आणून ठेवतो. मग चढ लागला की चालकाची एक नजर रस्त्यावर राहते आणि दुसरी त्या काट्यावर. काटा ठरल्या रेघेजवळ आला की तो हात पुढे करून प्रोपेनची कळ बंद करतो आणि धुराड्यातून पुन्हा काळा धूर येऊ लागतो.