लग्नाची परवानगी : सेवानियमांतील एक प्रकरण

स्वातंत्र्यानंतर सनदी सेवांची दारे स्त्रियांना खुली झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत लिंगभेदास मनाई केली. तरीही सेवानियमांनी एक उंबरठा शिल्लक ठेवलाच.

१९४९ मध्ये कूर्गच्या सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्याच महिला. १९५१ मध्ये अ‍ॅना राजम जॉर्ज (पुढे मल्होत्रा) यांनी मद्रास राज्यात प्रशासकीय सेवा स्वीकारली. घोडेस्वारी व नेमबाजी शिकलेल्या या अधिकारी महिलेला जिल्ह्यात पाठवावे की सचिवालयातच ठेवावे, याविषयी मुख्यमंत्री राजाजी प्रथम साशंक होते. त्यांनी आग्रह धरला आणि होसूरचे उपजिल्हाधिकारीपद मिळवले. न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीत पुढे याच बाईंचा मोठा वाटा होता.

परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावयाची होती. संसारामुळे कार्यक्षमतेस बाधा येईल असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येई. विवाहित स्त्रीस नियुक्तीचा हक्कच नसल्याचे आणखी एक नियम सांगे.

यामागील हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीचा आहे : प्रशिक्षणावरील खर्च वाया जाऊ नये म्हणून समूहाविषयीच्या समजुतीवरून व्यक्तीची परीक्षा करावयाची. पण हा हिशेब एकतर्फी होता. राजदूताची पत्नी मेजवान्या सांभाळी, पाहुण्यांची सरबराई करी. तिचे हे बिनपगारी श्रम पतीच्या जमेस धरले जात. विवाह पुरुषाच्या बाबतीत भांडवल ठरे, तर स्त्रीच्या बाबतीत जोखीम. ज्या कचेरीत घराचा उल्लेखही आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो, तेथे स्त्रीने मोकळेपणाने बोलावे तरी कसे?

बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच त्यांना बढती मिळाली. विवाहितेच्या नियुक्तीसंबंधीचा नियम १९७३ मध्येच रद्द झाला होता. परवानगीचा नियमही वगळण्यात येत असल्याचे शासनाने सांगितले. म्हणून १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी अर्ज निकाली काढला. परंतु संसार स्त्रीच्या कामाआड येत असेल, तर तो पुरुषाच्याही कामाआड येऊ शकतो, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आणि भेदभावाचे सर्व नियम तपासण्याची सूचना केली.

तरीही १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात त्याच न्यायालयाने हवाई सेविकांवरील गर्भारपणाची अट रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील विवाहबंदी मात्र कायम ठेवली.

नियम रद्द करण्यास एक अधिसूचना पुरते. बदलीच्या वेळी ‘घरचे कसे जमेल?’ हा प्रश्न आजही बहुधा महिला अधिकाऱ्यालाच ऐकावा लागतो. तो दोघांनाही विचारावा, किंवा कोणालाच विचारू नये.