गौहरबाई येण्याआधीची वर्षं

आमच्या शिरूर-दौंडकडे जत्रा म्हटली की तमाशा. संगीत नाटक म्हणजे पुण्याचं काम. त्यामुळे बालगंधर्व मला पहिल्यांदा भेटले ते २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात. दिग्दर्शन रवी जाधव यांचं, भूमिका सुबोध भावे यांची आणि गाण्यांत आनंद भाटे यांचा आवाज. शिरूरच्या घरी टीव्हीवर तो पाहताना उतरणीला लागलेला नट पुन्हा रंगभूमीकडे वळतो, तिथं माझा गळा दाटून आला. शेजारी बसलेले दौंडचे चाचा मात्र म्हणाले, “गौहरबाईनं बुडवलं त्यांना.”

हे वाक्य बाहेर बऱ्याचदा ऐकलं होतं. आता ते आपल्याच घरात ऐकलं, म्हणून मी सनावळी मांडून बसलो.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ १९१६ चं, ‘एकच प्याला’ १९१९ चं. पुढे साथीला तबल्यावर मुरादाबादचे अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. मराठी माणूस ज्या गाण्याला घरची ठेव समजतो, त्यात या उस्तादांचाही वाटा आहे. खर्च मात्र राजेशाही. भारी शालू, अस्सल अत्तर. १९२० च्या दशकातच कंपनीवर मोठं कर्ज चढलं होतं.

मग बोलपट आला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’, १९३२ मध्ये मराठी ‘अयोध्येचा राजा’. गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या नाटक कंपन्यांना ही स्पर्धा झेपणारी नव्हती. बालगंधर्वही पडद्यावर गेले. १९३५ साली व्ही. शांतारामांच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पण समोर मायबाप प्रेक्षक नाही, टाळी नाही, ‘वन्स मोअर’ नाही. जीव रमला नाही. ते रंगभूमीवर परतले, तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलं होतं आणि लोकांच्या डोळ्यांत अजून तरुणपणीची भामिनी आणि रुक्मिणी होती.

गौहर कर्नाटकी कंपनीत आल्या त्या १९३८ मध्ये. गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. गंधर्व गायकी त्यांनी गळ्यात मुरवली होती. त्या नायिका करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुष भूमिकांकडे वळले. लोकांना हे रुचलं नाही. पण बाईची भूमिका बाईनं करणं हा तोवर काळाचाच कौल झाला होता. अब्दुल करीम खाँ यांची मुलगी हिराबाई बडोदेकर आधीच रंगमंचावर आल्या होत्या.

म्हणजे कर्ज आधीचं, बोलपट आधीचा, वयही कुणासाठी थांबलं नव्हतं. गौहरबाई आल्या तेव्हा घर निम्मं कोसळलेलं होतं. त्या तिथं राहायला आल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. पुढे बालगंधर्वांचे पाय निकामी झाले, टाळ्या थांबल्या, तरी त्या सोबत होत्या. १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी गौहरबाई गेल्या. १९६७ मध्ये ते गेले.

त्यांनी दुसऱ्यांदा उभा केलेला डाव फसला, हे खरंच आहे. पण फसलेल्या डावाचं खापर फोडायला आपल्याला एक डोकं लागतं, आणि ते बाईचं असेल, त्यातून परक्या नावाचं असेल, तर हात चटकन उठतो.

मी चाचांना हे सगळे सन एकामागून एक सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गाणं लाव त्यांचं. दोघांचं असलं तर बघ.”